टेकू आधी, ढुशी मग

अर्ध्या झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन: घोडा, खिडकी, उंट, कोट, टेकू, ढुशी. मीच कशाला, अमरावतीत हरिहर सरांकडे बुद्धिबळ शिकलेला कुठलाही माणूस सांगेल. आम्हाला त्यांनी चाली शिकवल्या नाहीत, पाठ दिला.

सरांचं घराणं वेद म्हणणाऱ्यांचं. वडील, आजोबा पहाटे उठून संहिता म्हणत, मग क्रम, मग जटा. सर शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले, भिक्षुकीच्या वाटेला कधी गेले नाहीत. पण पाठांतराची ती घरची रीत त्यांनी उचलली आणि बुद्धिबळाच्या पटावर आणून बसवली. पांढरे मोहरे असले की सुरुवात ठरलेली. आधी घोडा बाहेर. मग राजाकडच्या बाजूचं एक प्यादं एक घर पुढे, ती खिडकी. त्या खिडकीत उंट येऊन बसतो. मग राजा कोटात, म्हणजे ज्याला आता सगळे कॅसलिंग म्हणतात ते. मग वजिराकडच्या बाजूला एक प्यादं एकच घर सरकवायचं, तो टेकू. आणि टेकू बसला की त्याच्या शेजारचं प्यादं दोन घरं पुढे, समोरच्याच्या मधल्या प्याद्याच्या अंगावर. ती ढुशी.

सगळी मेख शेवटच्या दोन चालींत आहे. टेकू आधी असला आणि ढुशीचं प्यादं कोणी खाल्लं, तर टेकूवालं प्यादं खाणाऱ्याला लगेच खातं. हिशेब चुकता. ढुशी आधी मारली तर ते प्यादं उघडं पडतं. आता गंमत अशी की दहातले नऊ जण ते खातच नाहीत. भितात किंवा आळस करतात, मग तुम्ही टेकू देता आणि डाव जिथे यायचा तिथेच येतो. म्हणून पोरांना वाटतं, क्रमाने काय फरक पडतो? सर म्हणायचे, समोरच्याच्या भिडस्तपणावर आपला डाव उभा करायचा नसतो.

सकाळी त्यांच्या अंगणात सतरंजी टाकून आम्ही म्हणत असू. आधी क्रम: घोडा-खिडकी, खिडकी-उंट, उंट-कोट, कोट-टेकू, टेकू-ढुशी. मग जटा, म्हणजे प्रत्येक जोडी सुलट, उलट आणि पुन्हा सुलट: टेकू-ढुशी, ढुशी-टेकू, टेकू-ढुशी. जीभ अडखळली की टपली. वहीत लिहायचं नाही, लिहिलं की माणूस वहीच्या भरवशावर राहतो. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा: पाठ चालू असताना गुरूला टोकायचं नाही. चूक वाटली तरी त्यांच्यामागून म्हणायचं, शंका नंतर. माझ्या सगळ्या वर्षांत ती नंतरची वेळ कधी आली नाही, कारण सर कधी चुकलेच नाहीत.

माझं आणि त्यांचं फाटलं ते लॅपटॉपवरून. मी त्यावर चाली तपासणारं इंजिन लावून त्यांच्या एका जुन्या डावातली चूक दाखवली. सर मला म्हणाले, तुला दहा हजार चाली येतील, पण कोणती आधी ते कळणार नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून सतरंजीवर माझी जागा राहिली नाही. मी अकोल्याला आलो, जठारपेठेत क्लास काढला. संगणकावर शिकवतो. पण पांढऱ्यांची सुरुवात आजही पोरांना तीच देतो, त्याच नावांनी. रागावलो म्हणून काही शिकलेलं ओकून टाकता येत नाही.

अपेक्षा ही सरांची शेवटची शिष्या. परतवाड्याची. वडील किसनराव, त्यांची जवळच शेती आणि गावात बी-बियाण्यांचं दुकान. पोरगी शाळेच्या स्पर्धांत मोठ्या मोठ्यांना हरवते म्हणून त्यांनीच तिला सरांच्या घरी आणून ठेवलं, मागच्या खोलीत. सरांच्या बायकोला, सिंधूकाकूंना, मुलगी नव्हती आणि मुलगा बंगलोरला, तेव्हा त्यांना बरंच झालं. तीन-चार वर्षं ती तिथे राहून कॉलेज आणि खेळ दोन्ही करत होती. यंदा तिचं कुमार गटातलं शेवटचं वर्ष. अकोल्याच्या निवड स्पर्धेतून दोन मुली राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. किसनरावांनी सरळ सांगितलं होतं, यंदा निवड झाली तर पुढे खेळ, मी आडवा येणार नाही. नाही झाली तर घरी यायचं आणि दुकानात बसायचं. माणूस वाईट नाही. त्याने पोरीला दिलं ते आमच्याकडचे किती बाप देतात?

आता पुढचं मला अपेक्षाने आणि काकूंनी नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्याने.

दिवाळीनंतरची एक सकाळ. सतरंजीवर ती एकटीच. सर जटा म्हणत होते, ती मागून. शेवटच्या जोडीला आले आणि म्हणाले, ढुशी-टेकू, टेकू-ढुशी, ढुशी-टेकू. उलट्याला सुलट धरून बसले. अपेक्षा थांबली. सरांनी मांडीवर हात आपटला.

"थांबली काहून वं? म्हण."

तिने म्हटलं. वाटलं, आज झालं असेल. दुसऱ्या दिवशी क्रमातही तेच आलं, कोट-ढुशी, ढुशी-टेकू. मग रोजच. गाडी रुळावरून घसरते ती एकदाच घसरते, पुढे नुसती ओढली जाते.

मग तिला घरातलंही दिसायला लागलं, जे काकू केव्हापासून झाकत होत्या. सरांचे कपडे काकू पलंगावर एकावर एक रचून ठेवत, बनियन सगळ्यात वर, मग सदरा, मग स्वेटर. कारण एकदा सर स्वेटर घालून बाहेर आले होते आणि हातात बनियन घेऊन विचारत होते की याचं काय करायचं. पूजेत आरती झाल्यावर देवांना आंघोळ घालत. बाहेरून कुलूप लावून दारातच उभे राहत, आत कोणी नाही का म्हणून हाका मारत. नागपूरच्या डॉक्टरांनी काकूंना आजाराचं नाव सांगितलं होतं आणि हेही सांगितलं होतं की यातून मागे येता येत नाही. सरांना कोणी सांगितलं नव्हतं.

अपेक्षाने काकूंना पाठाचं विचारलं तेव्हा काकू भाजी चिरत होत्या. विळी बाजूला सारून त्या म्हणाल्या, "तू त्यांले टोकू नको, बेटा. दुसरं काही बी गेलं तं ते हसण्यावारी नेतात. पाठ गेला हे कळलं तं हा माणूस अन्नाले शिवणार नाही. मी वळखते ना."

तिने ऐकलं. रोज सकाळी चुकीचा पाठ म्हणायचा आणि दुपारी मागच्या खोलीत फोनमधल्या इंजिनवर खरा क्रम घोटायचा. माझं नाव काढलं तरी सर भडकत, आणि त्यांच्याच घरात ती पोरगी माझ्या वाटेने चालली होती. तिने मला सांगितलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग स्वतःचीच चीड आली.

स्पर्धा एप्रिलमध्ये, अकोल्यातल्या एका मंगल कार्यालयात. कूलर घरघरत होते आणि गरमच हवा फेकत होते. सुरुवातीच्या दिवसांत अपेक्षा झकास खेळली, टेकू आधी, ढुशी मग, आणि वरच्या दोघींत राहिली. अमरावतीला सरांना फोनवर निकाल कळत, चाली कळत नसत. काम फत्ते होणार असं वाटत होतं. एक जागा दुसऱ्या एका मुलीची नक्की झाली होती. उरलेली एक जागा अपेक्षा आणि आचल यांच्यात, आणि शेवटची फेरी त्या दोघींचीच लागली. अपेक्षाला पांढरे मोहरे, आणि तिला बरोबरीही पुरत होती.

आचल माझी विद्यार्थिनी. सावध पोरगी. फुकटचं प्यादं समोर ठेवलं तरी दहा वेळा हुंगून सोडून देईल. यावरून मी तिला कितीदा झापलं असेल. अपेक्षाने तिचे जुने डाव पाहिलेले होते, तिलाही हे माहीत होतं.

शेवटच्या दिवशी सर हट्टाने आले. काकूंनी भाड्याची गाडी केली. आत प्रेक्षकांना बंदी, पण पहिल्या पटाचा डाव बाहेरच्या व्हरांड्यात मोठ्या पडद्यावर दिसायचा, चाल झाली की लगेच. सरांनी पडद्यासमोरची पहिली खुर्ची धरली. मग अपेक्षाला जवळ बोलावलं आणि सगळ्यांदेखत पाठ म्हणायला लावला. तिने त्यांना हवा तसा म्हटला. कोट-ढुशी, ढुशी-टेकू. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काकू दुसरीकडे बघत होत्या. मी लांब पाण्याच्या जारपाशी होतो, मला शब्द ऐकू आले नाहीत, नुसता तो डोक्यावरचा हात दिसला. खोटं कशाला बोलू, पोटात थोडं दुखलंच.

आत जाताना तिने काय ठरवलं ते तिने मला नंतर सांगितलं. "खरा क्रम खेळली असती तं सरांले पडद्यावर दिसलं असतं. ते सगळ्यांदेखत म्हनले असते का चुकली. मंग कोनीतरी त्यांले सांगितलंच असतं का ती नाही, तुमी चुकले. आन् आचल तं प्यादं खातच नाही. मले वाटलं, निघून जाईन." म्हणजे निभून जाईल. वाईट हिशेब नव्हता तो. समोर कोण बसलं आहे ते बघूनच क्रम निवडायचा असतो, मीही पोरांना हेच शिकवतो.

मी सरांच्या पाया पडलो. त्यांनी ओळखलं. अजून त्या डबड्यासमोर बसतोस का, म्हणून विचारलं, आणि शेजारची खुर्ची दाखवली. एवढ्या वर्षांनी त्यांच्या शेजारी बसलो. डाव सुरू झाला. पडद्यावर घोडा निघाला, सर पुटपुटले, घोडा. खिडकी. उंट. कोट. प्रत्येक चालीला त्यांचे ओठ हलत होते आणि मलाही आतून ते सगळं अंगणासकट आठवत होतं. माझ्या ओठांवर टेकू आला.

सर म्हणाले, "ढुशी."

पडद्यावर अजून काही झालेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. मग पडद्यावर ते प्यादं दोन घरं पुढे गेलं, टेकूशिवाय, उघडं. सरांनी मान डोलावली.

त्या एका क्षणात मला सगळं कळलं. काकूंकडे बघितलं तर त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

आत आचल विचार करत बसली. फार वेळ बसली. नंतर ती मला म्हणाली, "मले वाटलं फास आहे. हरिहर सरांची पोरगी टेकू विसरन का?" भीत भीत तिने फास शोधला, सापडेना. पुन्हा शोधला. मग आयुष्यात पहिल्यांदा तिने फुकटचं प्यादं खाल्लं आणि पुढच्या चालीला ते शेजारच्या प्याद्याने घट्ट धरून ठेवलं.

मारलेलं प्यादं पडद्यावरून गेलं आणि सर खुर्चीत ताठ झाले. तोंडातला क्रम गेला होता, पण डोळे जुनेच होते. रिकाम्या घराकडे बोट दाखवत ते म्हणाले, टेकू कुठे आहे? मग आवाज चढला. टेकू न देता ढुशी मारली हिने? इतकी वर्षं काय दगड घोकले? व्हरांड्यातले लोक वळून बघायला लागले. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला. मग एकदम माझ्याकडे वळले आणि बघतच राहिले.

डाव तिथे संपला नव्हता. असं एखादं प्यादं गेलं म्हणून कोणी मरत नाही. त्याच्या बदल्यात जागा मिळते, वेळ मिळतो, हुशार माणूस ते वसूल करतो. पण ती वसुली कशी करायची हे अपेक्षाला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असणार कुठून? सरांच्या क्रमात ती वेळच कधी येत नसे. ज्या वाटेला जायचं नाही म्हणून सगळी तयारी केली, त्याच वाटेवर ती अंधारात चाचपडत होती. तरी झुंजली. दुपार पार उतरेपर्यंत झुंजली. मोहरे कमी होत गेले आणि ते एक प्यादं मोठं मोठं होत गेलं. शेवटी तिने हात पुढे केला.

माझी विद्यार्थिनी राज्याच्या स्पर्धेला निवडली गेली. लोक माझं अभिनंदन करत होते, पेढा कोणी तोंडात कोंबला तेही कळलं नाही.

अपेक्षा बाहेर आली. परतवाड्याहून किसनराव आले होते, त्यांनी फक्त विचारलं, निवडली का? तिने नकारार्थी मान हलवली. त्यांनी तिची पाण्याची बाटली हातात घेतली. तोवर सर उठून समोर आले होते.

"टेकू कुठी गेला?" ते म्हणाले. "कोनं शिकवलं तुले हे? मी शिकवलं का?"

ती खाली बघत राहिली. सगळा व्हरांडा ऐकत होता. नाही म्हणावं तर मग कोणी शिकवलं, आणि हो म्हणावं तर या म्हाताऱ्याला इथेच उभ्या जागी मारणं.

मी म्हणालो, "मी शिकवलं, सर. कॉम्प्युटरवरून."

यात मोठेपणा काही नाही. त्या पोरीचा चेहरा बघवत नव्हता, तोंडून निघून गेलं. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान आलं.

"मले माईतच होतं," ते म्हणाले. "हा तुझा सत्यानाश करन हे मले माईतच होतं."

किसनरावही माझ्याकडे बघत होते. त्यांच्या दृष्टीने आता मी त्यांच्या पोरीला चोरून भलतंच शिकवणारा, आणि वर तिला हरवून आपली पोरगी पुढे काढणारा. मी तिथून हललो नाही.

काकूंनी सरांना धरून गाडीत बसवलं. अपेक्षाचं सामान अमरावतीला होतं, ते नंतर कधीतरी आणू म्हणून किसनरावांनी ठरवून टाकलं होतं. ते तिला अकोटवरून थेट परतवाड्याला नेणार होते. ती सरांचा निरोप घ्यायला गाडीपाशी गेली. मी तिच्या मागे दोन पावलांवर होतो. काच खाली होती. ती वाकून आत हात घालून पायांना शिवली.

सर आता शांत होते. राग केव्हाच उतरला होता, कशाचा होता तेही बहुधा उतरलं होतं. आज हरलीस ना, म्हणून त्यांनी मायेने विचारलं, आणि म्हणाले, पाठ कच्चा असला की असं होतं, चल, म्हणून दाखव. काकूंनी मान फिरवली.

अपेक्षा म्हणू लागली. तिच्यापाशी आता गमवायला काही राहिलं नव्हतं, म्हणून असेल, किंवा थकली होती म्हणून असेल, तिने खरा म्हटला.

"घोडा-खिडकी, खिडकी-उंट, उंट-कोट, कोट-टेकू, टेकू-"

"चूक," सर म्हणाले. त्यांनी काचेतून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर हलकीशी टपली मारली. "इथंच घोटाळा करून राहिली तू. कोट-ढुशी. ढुशी-टेकू. म्हण."

ती माझ्याकडे वळली नाही. तिने गाडीच्या दारावर हात ठेवला आणि म्हटलं, कोट-ढुशी, ढुशी-टेकू. सर म्हणाले, पुन्हा. तिने पुन्हा म्हटलं. मग काकूंनी ड्रायव्हरला निघायला सांगितलं, आणि ती रस्ता ओलांडून किसनराव उभे होते तिकडे गेली.